डबक्याला हाक मारणारा मिसाळ

आमच्या कॉलेजातला मिसाळ कुठल्याही डबक्याजवळ गेला, की चार पावलं अलीकडेच चपला काढतो, घसा खाकरतो आणि पाण्याकडे बघून मोठ्याने विचारतो, "हायेत का घरी?"

मग तो थांबतो. थोड्या वेळाने काठावरून टप, टप असे आवाज यायला लागतात. बेडूक पाण्यात उड्या टाकत असतात. मिसाळचा चेहरा एकदम खुलतो, जणू कुणी त्याला आत बोलावून पाट मांडलाय. "हायेत," तो मागे वळून सांगतो, "समदे हायेत."

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, माणूस सरकलेला आहे. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा आमचे निम्मे विद्यार्थी त्याच्यामागे अनवाणी, श्वास रोखून उभे होते. माझ्या तासाला हीच पोरं खिडकीतून बाहेर बघत बसतात. त्या दिवसापासून मी मिसाळवर जळतो. उगाच आडपडदा कशाला ठेवू?

आम्ही दोघंही केजला प्राणिशास्त्र शिकवतो. खोली एक, टेबलं दोन, पंखा एक, आणि तो त्याच्या बाजूला. मी त्याच्याआधी नोकरीला लागलो. माझं बोलणं शुद्ध, माझे शर्ट इस्त्रीचे, माझ्या नावामागे डॉक्टर आहे. मिसाळच्या नावामागेही आहे, पण तो लावत नाही. त्यामुळे लोकांना तो माझ्यापेक्षा मोठा वाटतो, हा काय न्याय झाला? शिपाई चहा आणतो तो आधी त्याच्या टेबलावर ठेवतो. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "मिसाळ सर इचारपूस करतेत ना सर." मग मीही दोन दिवस त्याची विचारपूस केली. तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "सर, तब्येत बरी हाय ना तुमची?"

डबक्याला कशाला विचारतोस, असं मिसाळला कुणीही म्हटलं, की त्याचं एकच उत्तर असतं. "इचारून ठिवलेलं बरं, सर." एवढं बोलून तो पुढे चालू लागतो. त्याचा अर्थ काय, हे विचारायची माझी इच्छा नव्हती. माझ्या दृष्टीने ते लोकांवर छाप पाडायचं साधन होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मध्येच बेडूक निवडायचं काम निघालं.

झालं असं, की विद्यापीठाने मांजरा नदीच्या खोऱ्यातलं पाणी किती बिघडलंय ते बघायचं ठरवलं. पाणी बाटलीत भरून तपासलं, तर त्या दिवशीचं कळतं. पण बेडूक पाण्यातही राहतो आणि काठावरही, आणि त्याची कातडी अशी, की पाण्यात जे असेल ते आत घेते. वर्षभर पाण्यात काय काय कालवलं गेलं, ते त्याच्या अंगावर दिसतं. म्हणून खोऱ्यातली एक जात निवडायची आणि दर वर्षी तिच्यावर नजर ठेवायची. ही निवड आमच्या विभागाने करायची होती. मी एक जात सुचवायची, मिसाळने एक, आणि विद्यापीठातल्या मॅडम येऊन, डोळ्यांनी बघून ठरवणार.

माझी निवड मनात कधीच पक्की झाली होती. आपला मोठा बेडूक, ज्याला लोक बैल बेडूक म्हणतात. पावसाळ्यात त्याचा नर हळदीसारखा पिवळा होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे काढतो आणि असा ओरडतो, की रस्त्यावरचा मोटारसायकलवाला थांबतो. मी त्याचा फोटो मोठा करून, चौकटीत घालून विभागात लावलाय. उद्या खोऱ्याचं पुस्तक निघालं तर मुखपृष्ठावर कोण शोभेल, हे शेंबड्या पोरालाही कळावं. आणि खाली लहान अक्षरांत, छायाचित्र डॉ. पाटोदकर.

मिसाळ मात्र बेडूक निवडायला निघाला तो पोरीसाठी स्थळ बघायला निघाल्यासारखा. प्रत्येक जातीच्या घरी जाऊन आला. सकाळी खांद्याला पिशवी लावून जायचा, दुपारी चिखलाने भरलेल्या पायांनी विभागात यायचा आणि माझ्यासमोर एकेक स्थळ मोडायचा.

"भेक बघितला, सर. खडबड्या. घराणं मोठं, कुटं बी ऱ्हातो. पर लई कोडगा. कायबी वता पाण्यात, त्येला फरक न्हाई. असल्याला इचारून काय उपेग?"

दुसऱ्या दिवशी, "ती बारकी जात बघितली, नक्षीवाली. देखनी हाय, पर लई नाजूक. पयल्या फवारनीतच जाती. मंग सांगायला मागं कोन उरलं?"

"मग कसा पाहिजे तुम्हाला?" मी विचारलं.

"दुखलं की दाखवनारा पायजे, सर. पर दुखनं अंगावर काढून जित्ता बी ऱ्हायला पायजे."

शेवटी त्याने निवडला तो अगदी सामान्य बेडूक. चिखलाच्या रंगाचा, मुठीत मावेल एवढा. ओढ्याच्या काठाला नुसतं डोकं वर काढून बसतो आणि चाहूल लागली की पाण्यावरून टप्पे घेत पळतो. आपण लहानपणी पाण्यावर चपटा दगड भिरकावतो ना, तसा. या बेडकाकडे आजवर कुणी वळून बघितलं नव्हतं. मी मनातून सुखावलो. याच्याशी माझ्या पिवळ्या नवरदेवाची काय बरोबरी!

माझं सुख घरी पोचेपर्यंतच टिकलं. मी वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, दोन्ही फोटो दाखवले. ती म्हणाली, "भावजींचा गोड आहे हो. तुमचा जरा आगाऊ वाटतो."

वैशालीचं एक वेगळंच दुखणं आहे. मिसाळने लग्न केलेलं नाही. आमच्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहतो. चाळिशी उलटली, जेवणाची आबाळ, त्यामुळे तिला त्याची दया येते. धपाटे केले की पहिले दोन त्याच्या नावाने बाजूला निघतात, आणि मला शेवटचे, तव्यावर जरा जास्त राहिलेले मिळतात. माझी आई तर मला सांगायच्या आधी त्याला गुडघ्याचं सांगते. पोरगी रेवा न्हाणीघराच्या दारावर थाप मारून विचारते, "हायेत का घरी?" आत मी असतो.

हे तिने उचललं कुठून, तर मिसाळकडूनच. तो रोज संध्याकाळी कॉलेजातून येताना आमच्या दाराशी थांबतो. दाराला बेल आहे, पण तिला हात लावत नाही. दार सताड उघडं असतं, आत टीव्ही चालू असतो, आई टीव्हीवरच्या सुनेला शिव्या देत असते, कुकरच्या शिट्ट्या होत असतात, माणसं उघड्या डोळ्यांना दिसत असतात. तरीही हा उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारतो, "हायेत का घरी?"

"आहोत, आहोत!" तिन्ही बायका तीन खोल्यांतून एकदम ओरडतात. मी ओरडत नाही. मी वर्तमानपत्र वर करतो.

आणि गंमत म्हणजे तो पुष्कळदा आत येतच नाही. उंबऱ्याशी क्षणभर उभा राहतो, सगळ्यांचे आवाज ऐकतो, "बरं, बरं, बसा," म्हणतो आणि जातो. आमच्या घरात आम्हाला बसा म्हणणारा हा कोण? मी वैशालीला म्हटलं, "हजेरी घ्यायला येतो का हा?" ती म्हणाली, "तुम्ही तेवढे गैरहजर असता."

माणूस किती जळावा याला काही मर्यादा असते. एका रविवारी मी एकटाच नदीवर गेलो. आजूबाजूला कुणी नाही असं बघून चपला काढल्या, घसा साफ केला आणि पाण्याला विचारलं, "आहात का घरी?" एकही टप नाही. मी आवाज जरा वाढवला. तेवढ्यात खडकाआड धुणं धुणारी एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, "कोन पायजे?" मी म्हटलं, काही नाही, सहज. ती म्हणाली, "सहज कावून इचारता मंग?" चपला हातात घेऊनच मी रस्त्यापर्यंत आलो.

मॅडमची भेट आषाढात ठरली होती. माझं सगळं त्यावरच उभं होतं. केजबाहेरच्या एका शेतात पाणी साचतं, तिथे माझे नवरदेव दर वर्षी जमतात. मी शेतमालकाशी बोलून ठेवलं, मॅडमना बसायला खुर्चीसुद्धा सांगून ठेवली. पण आधी मॅडमना वेळ नव्हता, मग जीप नव्हती, मग परीक्षा आल्या, मग आणखी काही. भेट पुढे पुढे जात थेट माघात आली. माघात बैल बेडूक कुठे असतो? जमिनीत. चांगला हातभर खोल, गाढ झोपलेला. मी त्या शेतात जाऊन आलो. ढेकळं होती आणि खुर्ची होती.

जागा मग मिसाळने सुचवली. धारूरकडच्या डोंगराच्या पायथ्याला एक वस्ती आहे, तिच्या खालून ओढा वाहतो आणि पुढे नदीला मिळतो. तिथलं पाणी उन्हाळ्यातही पुरतं आटत नाही. मॅडम, मिसाळ आणि मी, असे जीपने निघालो. मी वाटेत मॅडमना माझ्या फोनमधले पिवळे फोटो दाखवत होतो. मॅडम "वा" म्हणाल्या, पण दुसऱ्या वेळी त्यांनी खिडकीतून बाहेर बघूनच म्हटलं.

वस्तीत शिरलो तर माणूस नाही. सगळी ऊसतोडीला गेलेली. एकापाठोपाठ एक दारं आणि प्रत्येक दाराला कुलूप. एका ओट्यावर कुत्रं झोपलं होतं, त्याने मान वर करून आम्हाला बघितलं आणि पुन्हा खाली ठेवली. लिंबाखाली एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता, तेवढाच काय तो जिवंत माणूस. मिसाळ त्याच्या पाया पडला. "कसं हाय आबा?" म्हातारा म्हणाला, "हाय की. तू कवा आलास गंग्या?" मिसाळचं नाव गंगाधर आहे आणि हे गाव त्याचंच आहे, हे मला तिथे कळलं.

ओढ्याशी जाऊन मिसाळने चपला काढल्या. मॅडमनीही काढल्या. शेवटी मलाही काढाव्या लागल्या.

"हायेत का घरी?"

टप. मग टप, टप, टप. काठाने रांगच लागली. मॅडम लहान मुलीसारख्या हसल्या. मी पिवळ्या फोटोंचा फोन खिशात टाकला.

मिसाळने मग त्यांना दोन डोह दाखवले. वरचा नितळ, तिथले बेडूक चांगले ठणठणीत. खालच्या डोहात फवारणीचे पंप धुतले जातात. तिथला एक बेडूक त्याने ओल्या हाताने अलगद उचलला आणि उलटा करून दाखवला. त्याचा मागचा एक पाय अर्धवट वाढून वाकडा झाला होता. दुसऱ्याची कातडी पोटाकडे फिकी पडली होती.

"बगा मॅडम. मेला न्हाई, पर लपवलं बी न्हाई," मिसाळ म्हणाला. "दोन्ही डोहांत एकच जात, एकच ओढा. आनि आख्ख्या खोऱ्यात, धरनापस्तोर, कुटं बी जा, ह्यो घावतोच."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर पाटोदकर, तुमचा बेडूक इथे कुठे बघायला मिळेल?"

"जमिनीत आहे," मी म्हणालो.

"बाहेर केव्हा येतो?"

"पाऊस पडल्यावर."

मिसाळला माझी दया आली असावी, आणि तेच मला जास्त झोंबलं. तो म्हणाला, "सरांचा बेडूक लई देखना हाय, मॅडम. आवाज तर इचारूच नगा. पर पावसाचा पावना हाय. धा गावं हिंडतो, समद्या रानांचं खातो. त्येच्या अंगावर काय उठलं, तर ते कोन्या गावचं म्हनायचं? ह्यो काठ सोडीत न्हाई. समदे गेले तरी हितंच ऱ्हातो. म्हनून हितं काय झालं, ते ह्योच सांगनार."

मॅडमनी तिथेच, अनवाणी उभ्या राहूनच, मिसाळचा बेडूक पक्का केला. मी अभिनंदन केलं. आवाज बरा लागला असावा. मग शेळ्या बघायचं निमित्त करून मी वर लिंबाखाली गेलो, कारण त्या दोघांचं हसणं मला ऐकवत नव्हतं.

म्हाताऱ्याने मला तंबाखू विचारली. नाही म्हटल्यावर स्वतःचीच काढली आणि ओढ्याकडे बघत म्हणाला, "अजून वरडतंय व्हय ते?"

"कोण, मिसाळ? त्यांची सवयच आहे. बेडकांना विचारतात."

"बेडकाला मागनं इचाराया लागला," म्हातारा म्हणाला. "आदी दारांना इचारायचा. दसरा झाला की टोळ्या निघायच्या तोडीला. ह्येचे मायबाप बी जायचे. ह्येला चुलतीपाशी ठिवायचे, साळा बुडू नये म्हनून. चुलती दिसभर रानात. मंग ह्यो भर दुपारी गल्लीनं हिंडायचा. परत्येक दारापुडं हुबा ऱ्हाऊन वरडायचा, हायेत का घरी? दाराला ह्ये एवडं कुलूप! म्या एक डाव म्हनलं, कावून वरडतोस बे, कुलूप दिसना का तुला? तर म्हनतो कसा, इचारून ठिवलेलं बरं, आबा."

म्हातारा स्वतःशीच हसला. "कुनीच बोलंना, म्हनून मंग वढ्याला जायचा. तितं टप करून वाजलं, की हासायचा. लई येडं लेकरू व्हतं."

समोर गल्लीभर कुलपं होती. खाली ओढ्यात मिसाळ वाकून पाण्यात काहीतरी बघत होता आणि पुन्हा कुणाला तरी सांगत होता, "हायेत, हायेत."

परतीला जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला. पुढे मॅडमना डुलकी लागली तेव्हा हळूच म्हणाला, "सर, नाराज झालाव का?"

"छे," मी म्हणालो.

"तुमचा बेडूक बी ठिवू की. पावसाळ्यापुरता. मी बोलतो मॅडमला."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. या माणसाचा मनसोक्त हेवासुद्धा करता येत नाही, याचा मला खरोखर राग आला.

संध्याकाळी मी वर्तमानपत्र घेऊन बसलो. टीव्ही चालू होता, आईचं टीव्हीवरच्या सुनेशी नेहमीप्रमाणे वाजलं होतं, कुकर झाला. दार उघडंच होतं. मिसाळची वेळ झाली आणि टळून गेली. दमला असेल. मी एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचत होतो. रेवाने विचारलं, "बाबा, तुम्ही सारखे दाराकडे का बघताय?" मी तिला अभ्यास कर म्हणून सांगितलं, वर्तमानपत्र ठेवलं आणि चपला पायात सरकवल्या.

गल्लीच्या टोकाला त्याची खोली. इतक्या वर्षांत मी तिच्यासमोरून रोज गेलोय, पण दाराशी कधी थांबलो नव्हतो. दार लोटलेलं होतं, फटीतून उजेड येत होता. बाहेर चपलांचा एकच जोड होता, ओढ्याचा चिखल अजून वाळायचा होता. आतून कसलाही आवाज नव्हता. मी दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. इकडेतिकडे बघितलं. गल्लीत धुणंवाली बाई वगैरे कुणी नव्हतं.

"हायेत का घरी?" मी विचारलं. या वेळी नीट, त्याच्यासारखं.

आत शांतता झाली. म्हणजे होतीच, ती आणखी झाली. मग एकदम भांडं पडलं, पाट सरकला, काहीतरी लवंडलं, आणि आतून मिसाळचा आवाज आला, असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "हाय! हाय हाय सर, हाय की! घरीच हाय!"

दार उघडून तो समोर उभा राहिला. एका हाताला पीठ लागलेलं, डोळे मोठे झालेले. त्याला दारातून असं कुणी विचारलेलं नसावं.

"वैशालीने जेवायला बोलावलंय," मी म्हणालो.

वैशालीला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी पुढे चालू लागलो आणि मिसाळ मागून हात धुऊन, चपला घालून, जवळजवळ पळतच माझ्या बरोबरीला आला. घरी गेल्यावर काय होणार ते मला ठाऊक होतं. तिला फार आनंद होणार होता, आई त्याला गुडघा दाखवणार होती, आणि तव्यावरचा पहिला धपाटा पुन्हा त्याच्याच पानात पडणार होता. आमच्या दाराशी आल्यावर मी आत शिरलो, पण सवयीने तो उंबऱ्याबाहेर थांबला. विचारायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मीच आतून ओरडलो, "आहोत! या आत."